शहर कुणाच्या जिवावर?

टायर म्हटलं की आपल्याला गाडीचं चाक आठवतं. पण टायर हे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं एक प्राचीन शहरही आहे. सिडॉन त्याच्या शेजारचं. ही फिनिशियन लोकांची बंदरं. त्यांची जहाजं पार स्पेनपर्यंत जायची. इतिहासाच्या पुस्तकात जहाजं येतात, व्यापारी येतात. पण त्या जहाजात भरलेला माल कोण पिकवत होतं, हे कुणी विचारत नाही!

अलीकडे संशोधक शहरं सोडून आजूबाजूच्या गावांकडे वळले आहेत. सिडॉनच्या दक्षिणेला तेल एल-बुराक नावाची छोटी वस्ती आहे. तिथे इ.स.पू. ७ व्या शतकातलं द्राक्षं तुडवून रस काढायचं टाकं सापडलं. २०२० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाक्याच्या गिलाव्यात चुन्याबरोबर फुटक्या मडक्यांचा चुरा मिसळलेला होता, गळती होऊ नये म्हणून. सिव्हिलवाल्यांनो, लक्षात घ्या, हे वॉटरप्रूफिंग खेड्यातलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, लेबनॉनचं आम्हा नागपूरकरांना काय? तर ऐका. कुही तालुक्यात आदम नावाचं गाव आहे. तिथे १९८८ ते १९९२ दरम्यान भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं. तटबंदीचं प्राचीन नगर निघालं आणि 'अस्सक जनपद' असा उल्लेख असलेली मातीची मुद्राही. जनपद म्हणजे नुसतं नगर नव्हे. त्यात भोवतालचा मुलूख, गावं, शेतं सगळं आलं. मग ती गावं कुठे गेली? तटबंदीच्या आतल्या माणसांना धान्य, लोखंड, लाकूड कोण पुरवत होतं?

याची उत्तरं एका टेकाडात सापडत नाहीत, ती शिवारभर विखुरलेली असतात. पेंच काठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती सुमारे २७०० वर्षांपूर्वीची मानतात. काटोल रोडकडच्या महुरझरीला दगडी मणी बनत होते. जवळच्याच जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. ही दफनं. मेलेल्यांचा पत्ता लागला, पण या माणसांची घरं आणि शेतं कुठे होती, हा खरा प्रश्न आहे.

माझं म्हणणं असं, की हे काम एकट्या पुरातत्त्ववाल्यांनी उरकण्यासारखं नाही. त्यांची माणसं मोजकी, शिवार अफाट. आणि शहर रोज पुढे सरकतंय. लेआउट पडायचा म्हटलं की आधी जेसीबी येतो. संरक्षित वर्तुळांना निदान कायदा तरी आहे. शेतातल्या खापरांच्या पट्ट्याला कोण विचारतो? एकदा जमीन सपाट झाली की तो पुरावा संपला, आणि त्याची बॅकअप कॉपी नसते.

आपण दरवर्षी सर्व्हे कॅम्पला जातो, कुठल्या तरी माळावर लेव्हल घेतो, शीट सबमिट करतो आणि विसरतो. तोच कॅम्प विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाच्या मार्गदर्शनाखाली एखाद्या जुन्या वस्तीच्या शिवारात घेतला तर? टोटल स्टेशन तेच, मार्क तेवढेच. पण नकाशा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मेटलर्जीवाल्यांना स्लॅग तपासता येईल, कॉम्प्युटरवाल्यांना नोंदी नकाशावर चढवता येतील.

फक्त एक पथ्य पाळायचं. खणायचं नाही, काही उचलून रूमवर आणायचं नाही. वस्तू जागेवरून हलली की तिचं निम्मं म्हणणं संपतं. फोटो काढा, जागा नोंदवा, शेतकऱ्याची परवानगी घ्या. त्याच्याशी बोला, कारण नांगराला काय काय लागतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आपल्या मेसमधली पोळी कुठल्या गावच्या गव्हाची, हे आपण तरी कुठे विचारतो? दोन हजार वर्षांनी कुणी नागपूर खणलं, तर त्याला फ्लायओव्हरचे खांब नक्की सापडतील. गव्हाचं गाव सापडावं, अशी सोय मात्र आपणच करून ठेवायला हवी.