पगला 'सर्दी' झालीये म्हणे!

मंडळी, आज जरा तिरकं लिहिणार आहे. ज्यांच्या घरी पग आहे त्यांनी आधी पाणी पिऊन घ्या.

आमच्या बीड जिल्ह्यात हल्ली एक नवीनच प्रकार सुरू झालाय. पोरगं हिंजवडीत, पग अंबाजोगाईला! हौसेनं आणला, मग ऑनसाईट निघालं, फ्लॅटवर सांभाळणार कोण? "गावाकडं मोकळी हवा आहे" म्हणून रवानगी आईकडे. मग एप्रिलमध्ये आईचा फोन, "ह्याचं नाक चोंदलंय रे, रातभर घोरतंय. सर्दी झाली आसंल."

अहो, ती सर्दी नाही. ते नाकच तसं आहे.

२००३ साली हचच्या जाहिरातीत एका पोराच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि अख्ख्या देशाला तो चपटा चेहरा हवासा झाला. हा चेहरा पिढ्यानपिढ्या निवडून पैदास करत कवटी आखूड केल्यामुळे मिळालाय. हाड आखडलं, आतलं मांस काही त्या मापात आखडलं नाही. नाकपुड्या चिंचोळ्या, मऊ टाळू लांबून घशात आलेला. ज्याला आपण 'क्यूट घोरणं' म्हणतो ती श्वासासाठीची ओढाताण असते. हार्डवेअरचा घोळ आहे राव, आणि आपण वरून ड्रॉप्सचे पॅच मारतोय!

त्या ड्रॉप्सबद्दल तर बोलायलाच हवं. माणसाचं नाक मोकळं करणारे झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिनचे थेंब कुत्र्याला विषारी आहेत. उलट्या होतात, हृदयाचे ठोके मंदावतात, जनावर कोसळतं. बाटली चावून फोडली तरी तेच. आयब्युप्रोफेननं पोटात अल्सर होतो, किडनी जाऊ शकते. बाम लावाल तर तो चाटणार, म्हणजे कापूर पोटात. "लहान लेकराला चालतं, मग ह्याला का नाही?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

आणि ती मोकळी हवा! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचा आणि नाकातला ओलावा उडवूनच तो अंग थंड ठेवतो. बीडला मे महिन्यात पारा चाळिशीपार, आणि ह्याचा रेडिएटरच तुंबलेला. नेदरलँड्सनं २०१९ पासून फारच आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आणलेत. तिथला उन्हाळा तो काय, आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या दुपारीएवढा!

गावठी कुत्र्याचं लांब नाक याच उन्हात निवांत चालतं. त्याचं नाक वाहायला लागलं तर मात्र कारण शोधा. एकाच नाकपुडीतून शेंबूड आणि सारख्या शिंका असतील तर कुसळ अडकलेलं असू शकतं. रक्त आलं तर गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचा संशय घ्यावा. ताप, डोळ्यांना चिपडं आणि घट्ट पिवळा शेंबूड असेल तर डिस्टेंपर असू शकतो. त्याची लस मिळते, वेळेवर टोचली तर. असो.

पग आणलाच असेल, तर जनावरांच्या डॉक्टरकडून नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्या, ऑपरेशनने दोन्ही बरेच सुधारता येतात. वजन उतरवा (आईला तूप-पोळी बंद करायला सांगण्याची हिंमत तुमची तुम्ही करा). दुपारी बाहेर काढू नका. आणि गळ्यातला पट्टा काढून हार्नेस घाला. अंबाजोगाईत नाही मिळाला तर आजच कुरियर करा, एप्रिल लागायच्या आत पोचू द्या.