जुनेराची ऊब

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे कापूसपट्ट्यातले गाव. इकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की आईचा हात आपोआप जुन्या ट्रंकेकडे जातो. तळाशी असलेले, धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती लुगडे बाहेर निघते. टोचरे काठ काढून टाकायचे, उरलेल्या कापडातून लंगोट, झबली आणि दुपटी बेतायची. विरलेले तुकडे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने वीतभर लांबीरुंदीच्या गोधड्या शिवायच्या. शहरातली एखादी मावशी लोकरीचे टोपडे विणून पाठवते. बारशाला हा बाळंतविडा मांडला की कुणाचा टाका किती बारीक, यावर बायकांची चर्चा रंगते.

आताशा या विड्यात प्लास्टिकच्या खिडकीचा खोका येऊन बसला आहे. खोक्याबद्दल तक्रार नाही. ज्याला जे जमते ते त्याने द्यावे. पण खोका सर्वांसमोर उघडला जातो आणि आजी मात्र आपले दुपटे पिशवीतल्या पिशवीतच लेकीच्या हाती देते, वर म्हणते, ‘घरचंच आहे गं, चालेल तर बघ.’ हा संकोच आम्हाला खटकतो. कारण त्या दोन वस्तूंत बाळाच्या कामाची कोणती, हे विचारले तर उत्तर आजीच्या बाजूने जाते.

जुनेराचे शास्त्र साधे आहे. वारंवार धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, ते अंगाला घासत नाही, ओल शोषते आणि पुन्हा लवकर वाळते. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत नायलॉनच्या जाळीचा झगा घातलेले तान्हे घामोळ्यांनी हैराण झाले नाही तरच नवल! ज्या जिल्ह्यातून गाठीच्या गाठी कापूस बाहेर जातो, तिथल्या पाळण्यात पॉलिस्टर यावे, याला काय म्हणावे?

या प्रथेला एक काळी किनारही आहे. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवे काही घेऊ नये, असे आपल्याकडे घराघरांत मानत. त्यामागे भीती होती. १९७१ साली देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांतील १२९ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. नवी झबली शिवून ठेवायची आणि ती रिकामीच राहायची, हे दुःख कितीतरी घरांनी पाहिले होते. २०२० साली हा आकडा २८ वर आला. भीती ओसरली हे फार चांगले झाले. तिच्याबरोबर जुनेरही हद्दपार करण्याचे मात्र कारण नाही.

लोकरीचे विणकाम त्या मानाने अलीकडचे. महिलांच्या मासिकांत नमुने येत आणि ‘दोन सुलट, दोन उलट’ हा मंत्र दुपारच्या गप्पांतून पसरे. विणणाऱ्यांनी एक हिशेब जरूर करावा. जूनमध्ये जन्मणाऱ्या बाळासाठी नवजात मापाचा स्वेटर विणला, तर डिसेंबर येईतो तो पोटावर चढलेला असतो. सहा महिन्यांच्या मापाचा विणा, कामी येईल. टोपडे-मोजे मात्र कमी वजनाच्या बाळाला पहिल्या दिवसापासून हवेत. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली, अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ‘कांगारू’ पद्धत सुरू झाली. तीत लंगोटाखेरीज बाळाच्या अंगावर बहुधा एवढेच असते.

पण आजीबाईंनीही थोडे ऐकायला हवे. बाळ झोपले असताना टोपडे काढावे, दुपटे-गोधडी तोंडाजवळ येईल अशी पांघरू नये. कुंचीचे लांब बंद, सैल बटणे, बोट अडकेल अशी मोकळी जाळीदार वीण नकोच. डॉक्टर हे सांगतात तेव्हा ‘आम्ही नाही का पोरं वाढवली?’ हे उत्तर पुरेसे नाही.

विणकाम हा फावल्या वेळचा छंद, असेही एक मत आहे. फुलसावंगीच्या शिवारात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा! तिच्या टाक्यांना वेळ मिळतो तो भाकरी झाल्यावर, रात्री. खोक्याची किंमत तिच्या मजुरीतून जाणार असते, म्हणून ती सुई हाती धरते. (आजोबांनी दोरा ओवून दिला, दोन टाके घातले, तरी बारसे काही मोडत नाही.)

आमचे गाऱ्हाणे आणखी एका गोष्टीचे आहे. काही सुना हे दुपटे कौतुकाने घेतात आणि आठवण म्हणून कपाटात ठेवून देतात. ते पुण्यात असो की परदेशात, बाळाखाली अंथरले पाहिजे, ओले झाले पाहिजे, दोरीवर वाळले पाहिजे. बाळ रांगू लागले की त्याचे टोक तोंडात धरून घरभर ओढील. मग ते फाटेल आणि पुढच्या गोधडीच्या आतल्या थरात जाईल.