व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात

परवा विहारात पौर्णिमेची वंदना आटोपली आणि एक माउली चुरगळलेली पावती घेऊन आमच्याजवळ आली. "भाऊ, महिना झाला, पोराले भेटू देत नाहीत. कानातलं गहाण टाकून पैसे भरले. तिथं मारतात म्हनते." पावतीवर रक्कम होती. नोंदणी क्रमांक नव्हता, डॉक्टरचे नावही नव्हते.

बंधू-भगिनींनो, यवतमाळ जिल्ह्यात दारूने किती संसार मोडले हे आम्ही सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. त्रासलेले घर मग कोणत्याही पाटीवर विश्वास ठेवते.

पण कायदा आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. दारू व अंमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात येतात. म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. विनानोंदणी केंद्र चालविल्यास पहिल्याच वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे. स्वखुशीने दाखल झालेल्याने घरी जातो म्हटले तर त्याला सोडावे लागते. तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येते.

डॉक्टर कशाला, असे कोणी विचारील. जुन्या पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. तिथे काठी नव्हे, औषध लागते.

तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद पाहा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, भेटीचे दिवस ठरवून घ्या. अन्याय झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोनही विनामूल्य आहे.

पोरगा दारुडा आहे हे चारचौघांत कळू नये म्हणून आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्यावरच असली केंद्रे पोसली जातात. त्या माउलीचा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला आणि तिने अंगठा नव्हे, सही केली.

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा माणूस स्वतःच्या तोंडाने घेतो. ती मारून वदवता येत नाही.

जयभीम!