घराचा सौदा रुमालाखालीच का?

घर कसे विकावे आणि इस्टेट एजंटाशी कसे बोलावे, हा समाजवादी साप्ताहिकात चर्चिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. मिळकतदारांचे प्रश्न मिळकतदारांनी पाहावेत. आपल्यापुढे बेघरांचे, झोपडपट्टीवासीयांचे, विस्थापितांचे प्रश्न उभे आहेत, हे म्हणणे वरवर पाहता रास्तही आहे. परंतु ज्यांना आपण मिळकतदार म्हणून बाजूला सारतो, त्यांत एस. टी.तून निवृत्त झालेला वाहक आहे, नगरपालिकेच्या शाळेतील शिक्षिका आहे, कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागलेला जोडारी आहे. या माणसांनी सहकारी सोसायटीत कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, वीस-वीस वर्षे हप्ते फेडले. त्या दोन खोल्या हीच त्यांची आयुष्यभराची बचत. त्या आयुष्यात एकदाच विकल्या जातात, आणि तेही बहुधा आजारपण, म्हातारपण किंवा वाटणी अशा अडचणीच्या वेळी. त्या क्षणी चाळीस वर्षांच्या श्रमाचे मोल एका परक्या माणसाच्या शब्दावर ठरते. श्रमाच्या मोलाचा प्रश्न आपला नाही, तर कोणाचा?

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. आम्ही पुण्याच्या उपनगरात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. पत्नीचे गुडघे जिने चढू देईनात, म्हणून घर विकून तळमजल्यावरचे घर घ्यावे असे ठरले. परिसरातला एक एजंट घरी आला. खोल्या पाहिल्या, चहा घेतला आणि म्हणाला, ‘‘सर, इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सहासष्ट लाखांच्या वर कोणी जाणार नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे.’’ मला ते पटले. तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला, आपल्या घराचा भाव कोठे पाहावा एवढेही ठाऊक नव्हते!

सुदैवाने नोंदणी खात्यातून निवृत्त झालेला माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने विचारले, ‘‘सर, सूची दोन पाहिली का?’’ खरेदीखत किंवा करारनामा नोंदवला गेला की त्यातील मिळकतीचे वर्णन, मोबदल्याची रक्कम आणि शासनाने धरलेले बाजारमूल्य यांचा गोषवारा या सूचीत उतरतो. ही नोंद गुप्त नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक घालून ती शोधता येते. आम्ही ती शोधली. आमच्याच इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे, तेवढ्याच आकाराचे घर ७६ लाखांस विकले गेले होते. त्याहून धक्कादायक नोंद आमच्या समोरच्या घराची होती. वाहकाच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या आमच्या शेजाऱ्यांच्या पत्नीने, पतीच्या पश्चात, ते घर ६१ लाखांस विकले होते. घेणाऱ्याने पाचच महिन्यांत तेच घर साडेचौऱ्याहत्तर लाखांस विकले. मध्यंतरी त्याने भिंतींना रंग दिला होता, एवढेच. दोन्ही सौद्यांतला एजंट एकच होता, आणि तोच त्या दिवशी माझ्या घरी चहा घेऊन गेला होता.

दोन टक्क्यांचे गणित

आपल्या चळवळीत ‘दलाल’ हा शब्द शिवीसारखा वापरण्याची सवय आहे. शिवीने संताप व्यक्त होतो, पण तिच्यातून विश्लेषण हाती लागत नाही. एजंट काम करतो, यात शंका नाही. तो उन्हातान्हात गिऱ्हाइके फिरवतो, किल्ल्या सांभाळतो, दोन अनोळखी माणसांना एका टेबलाशी आणतो. त्यांतले कित्येक जण स्वतःच तुटपुंज्या, अनिश्चित मिळकतीवर जगतात. आक्षेप त्याच्या श्रमाला नाही. त्याचा हिशेब आणि विकणाऱ्याचा हिशेब एक नसतो, ही खरी अडचण आहे.

पुण्या-मुंबईकडे जुन्या घराच्या विक्रीत प्रत्येक बाजूकडून दोन टक्क्यांपर्यंत दलाली मागण्याचा प्रघात आहे. माझे घर ६६ लाखांस गेले असते, तर माझ्याकडून एजंटाला १ लाख ३२ हजार मिळाले असते. तेच ७५ लाखांस गेले तर दीड लाख. म्हणजे नऊ लाख अधिक मिळवण्यासाठी दोन-तीन महिने खपायचे, आणि त्यातले ८ लाख ८२ हजार माझे, तर अवघे १८ हजार त्याचे. अशा स्थितीत चार दिवसांत सौदा उरकून पुढच्या दारी जाणे हेच त्याच्या हिताचे ठरते. यात त्याच्या दुष्टपणाचा संबंध नाही. व्यवस्थाच त्याला घाई शिकवते.

लेविट आणि सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट जेव्हा स्वतःचे घर विकतो, तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे नऊ-दहा दिवस अधिक बाजारात ठेवतो आणि सुमारे पावणेचार टक्के अधिक किंमत मिळवतो, असे त्यांना आढळले. स्वतःसाठी थांबणारा माणूस आपल्याला मात्र ‘आता आलेली संधी सोडू नका’ असे सांगतो. त्यातच तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेत असेल, आणि घेणारा वारंवार घरे घेणारा गुंतवणूकदार असेल, तर आयुष्यात एकदाच भेटणाऱ्या विक्रेत्यापेक्षा त्याला कोणाची मर्जी राखावीशी वाटेल, हे सांगावयास नको.

शेतमालाच्या बाजारात एकेकाळी अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, त्या शेतकऱ्याला मात्र शेवटी आकडा तेवढा ऐकवला जाई. त्याविरुद्ध लढे झाले, कायदे झाले. महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा आला, उघड लिलावाचे तत्त्व मान्य झाले. २०१६ साली फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. त्या व्यवस्थेत आजही दोष पुष्कळ आहेत. पण रुमाल दूर व्हावा, हे तत्त्व तरी प्रस्थापित झाले. घराचा सौदा मात्र अजून रुमालाखालीच चालतो.

कायदा कोठवर पोचतो

स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला, तेव्हा एजंटांची नोंदणी सक्तीची झाली, म्हणून पुष्कळांना हायसे वाटले. महाराष्ट्रात तर २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावण्यात आली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु कायद्याचे शब्द बारकाईने वाचले, तर ही सक्ती प्राधिकरणाकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील घरांच्या विक्रीपुरती आहे, असे दिसते. चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीतील घर विकून देणाऱ्याला ती लागू होत नाही. म्हणजे नव्या घराच्या ग्राहकाला थोडे तरी संरक्षण आहे, आणि जुने घर विकणाऱ्या वृद्धाला ते नाही.

तथापि तो अगदीच निराधार नाही. १८७२ च्या करार कायद्यात प्रतिनिधीची कर्तव्ये स्पष्ट सांगितली आहेत. मालकाला न सांगता त्याने त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्यातून मिळवलेला लाभ मालक मागू शकतो. वेगळा करार नसेल, तर काम पुरे होईपर्यंत त्याचा मोबदला देय होत नाही. कामात गैरवर्तन केले, तर त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही. परंतु हे सारे सिद्ध करण्यासाठी हातात कागद हवा, आणि आपल्याकडे एजंटाशी होणारा करार बहुधा चहाच्या कपावर होतो.

पारख आणि अटी

म्हणून पहिली गोष्ट ही की, एजंटाला भाव विचारण्यापूर्वी तो आपण पाहावा. गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्या व शेजारच्या इमारतींतील जी घरे विकली गेली, त्यांच्या नोंदी काढाव्यात. मुद्रांक शुल्कासाठी शासन दरवर्षी जो दरतक्ता काढते, तो दाखवून कोणी ‘हाच सरकारी भाव’ म्हणेल. तो शुल्क आकारण्याचा आधार आहे, बाजाराने दिलेली किंमत नव्हे.

दुसरी गोष्ट, किमान तिघांशी बोलावे. ‘किती मिळतील’ असे न विचारता ‘या भागात अलीकडे तुम्ही कोणती घरे विकून दिलीत’ असे विचारावे आणि उत्तर सूचीशी ताडून पाहावे. सर्वांत मोठा आकडा सांगणारा सर्वांत चांगला असतोच असे नाही. काम हाती येईपर्यंत भाव चढवायचा आणि नंतर महिनाभर एकेक पायरी उतरवायची, ही जुनी युक्ती आहे. त्याने ज्यांची घरे विकली, अशा दोघा विक्रेत्यांना भेटावे.

तिसरी गोष्ट लेखी अटींची. मुदत दोन-तीन महिन्यांचीच असावी. आलेला प्रत्येक देकार त्याने लेखी कळवावा. समोरच्या बाजूकडून तो दलाली घेणार असेल, तर ते आधी सांगावे. गिऱ्हाईक आपणच शोधले, तर दलाली नाही. दलालीचा अर्धा हिस्सा करार नोंदल्यावर आणि उरलेला पूर्ण रक्कम हाती आल्यावर द्यावा. मूळ कागदपत्रे त्याच्या हाती देऊ नयेत, प्रती द्याव्यात. कुलमुखत्यारपत्र तर कोणत्याही सबबीवर देऊ नये. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे; पण तोवर होणारा मनस्ताप कोणी भरून देत नाही.

दलालीचा दरही बोलून ठरवता येतो. तो कोठल्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. आम्ही दुसऱ्या एजंटाशी असा करार केला: ७० लाखांपर्यंत एक टक्का, आणि त्यावर मिळेल त्या रकमेच्या दहा टक्के. घर ७५ लाखांस गेले. त्याला १ लाख २० हजार मिळाले. सरसकट दोन टक्क्यांच्या हिशेबाने दीड लाख द्यावे लागले असते. आणि तरीही शेवटच्या पाच लाखांसाठी झटण्यात त्याला दहा हजारांऐवजी पन्नास हजारांचे कारण होते. तो माणूस खरोखरच झटला. मात्र ही पायाची रक्कम सूची पाहून ठरवावी. ती एजंटाने सांगितली, तर सारा करार उलटा फिरतो.

आणखी दोन गोष्टींवर आपल्या लोकांनी तरी तडजोड करता कामा नये. ‘गिऱ्हाईक आपल्यातलेच आणतो,’ असे पहिला एजंट मला आश्वासन म्हणून सांगत होता. जात, धर्म आणि आहार पाहून दार उघडण्याची ही रीत आपल्या शहरांत उघडपणे चालते. आपण तिला मूक संमती देतो, आणि संध्याकाळी समतेवरच्या व्याख्यानाला जातो. कोणत्याही जातिधर्माचे गिऱ्हाईक परत पाठवू नये, असे मी करारात लिहून घेतले. गिऱ्हाइके जितकी अधिक, तितका भाव चांगला, हे साधे अर्थशास्त्रही त्याच बाजूला आहे.

दुसरी गोष्ट रोकडीची. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून बंदी आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पण दंडाहूनही गंभीर असे एक कारण आहे. दहा लाख रोख घेऊन करारात दहा लाख कमी लिहिणारा विक्रेता सूचीत खोटा भाव नोंदवतो. पुढच्या वर्षी शेजारच्या विधवेने ती सूची पाहिली, तर तिला तो खोटा भावच खरा वाटेल. काळा पैसा सरकारी तिजोरी तर लुटतोच, पण सार्वजनिक ज्ञानही नासवतो.

आपले काम

जुन्या घरांचे सौदे करणाऱ्या एजंटांनाही नोंदणी सक्तीची करावी, मराठीत एक नमुना करारपत्र शासनाने प्रसिद्ध करावे, आणि इमारतनिहाय विक्रीच्या किमती कोणालाही सहज वाचता येतील अशा मांडाव्यात, या मागण्या पक्षाने लावून धरावयास हव्यात. परंतु त्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, वीजबिल यांच्या अर्जांसाठी लोक आपल्या शाखेत येतात. त्याच टेबलावर आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या कार्यकर्त्याने सूची दोन शोधून द्यावी आणि करारपत्राचा मसुदा समोर ठेवावा. याला पैसा लागत नाही, आणि एका कुटुंबाची दहा वर्षांची बचत वाचू शकते.

घर विकल्यावर मी समोरच्या वहिनींना त्यांच्या मुलीच्या घरी जाऊन भेटलो. साडेतेरा लाखांचा हिशेब त्यांना सांगावा की नाही, याचा विचार करीत मी गेलो होतो. त्यांना तो आधीच कळला होता. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही समोरच होतात. दहादा वाटले, तुम्हाला विचारावे. पण पैशाचे बोलणे कसे काढायचे, म्हणून राहिले.’’

रुमाल केवळ दलालाच्या हातात असतो, असे मी तोवर समजत होतो. मध्यमवर्गीय सभ्यतेने विणलेला एक रुमाल आमच्या दोघांच्या दारांमध्येही होता, आणि तो दूर करणे माझे काम होते.