घर थंड, पण कोणासाठी?



एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावोगावच्या बैठका सकाळी नऊच्या आत उरकाव्या लागतात. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. बसवत नाही ते आम्हा कार्यकर्त्यांना. ज्यांच्या घरी बैठक असते, त्या बाया आम्ही निघाल्यावरही तिथेच असतात. चूल पेटवतात, भाकरी थापतात, पोर निजवतात, शिलाई मशीन चालवतात. घर तापते म्हणजे काय, हे जिला सर्वांत जास्त ठाऊक, तिला घर बांधताना विचारायची मात्र आपल्याकडे पद्धत नाही. यंदा पुन्हा गावांत घरकुलांची जोती पडत आहेत, म्हणून या विषयावर लिहिते आहे.

लातूर-धाराशिवकडची जुनी घरे दगडमातीची. हात-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. दिवसभराचे ऊन अशा भिंतीतून आत झिरपेपर्यंत रात्र होते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपली असताना, हीच घरे माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसे गेली. माझ्या पिढीने हा भूकंप आई-मावशांच्या तोंडून ऐकला आहे. माळवदाखाली झोपायची भीती तेव्हा जी बसली ती बसली. ज्यांना परवडले त्यांनी स्लॅब घातला, बाकीच्यांनी पत्रा.

ही भीती मुळीच खोटी नव्हती. पण ‘एक तर थंड घर घ्या, नाही तर सुरक्षित’ हा तिच्यातून निघालेला निष्कर्ष खोटा आहे. माणसे मेली ती गोल गोटे नुसत्या मातीत रचल्यामुळे, भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर सांधणारे लांब दगड नसल्यामुळे आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे ओझे चढत गेल्यामुळे. भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात नेमके हेच सुधारायचे होते: भिंतीत आरपार दगड घालणे, काँक्रीटचा पट्टा बांधणे, माळवदाची माती कमी करणे. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बाया त्या कामात ‘संवाद सहायक’ झाल्या आणि घर दुरुस्तीची माहिती दारोदार घेऊन गेल्या. बायांना बांधकामातले काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

दुसऱ्या बाजूलाही एक सांगायला हवे. मातीच्या घरांचे गोडवे हल्ली शहरांतून फार ऐकू येतात. त्यातला थंडावा खराच आहे. पण ते घर टिकते कोणाच्या जिवावर? शेण आणणे, सारवणे, भिंती लिंपणे, पोपडे निघाले की पुन्हा लिंपणे हे श्रम घरातल्या बाईचे, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. सिमेंटची फरशी पाहून एखादीचा चेहरा खुलतो तेव्हा ती परंपरेशी द्रोह करत नसते. तिचे गुडघे सुटलेले असतात. थंड घराचा विचार करताना हा हिशेब वगळून चालणार नाही.

मग करायचे काय? आधी ऊन येते कुठून ते पाहू. मे महिन्याच्या मध्याला लातूर भागात दुपारचा सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर असतो. म्हणजे सर्वांत जास्त ऊन झेलते ते छप्पर. पत्रा लगेच तापतो आणि उष्णता खाली टाकतो. स्लॅब हळू तापतो, पण दिवसभर साठवलेली धग मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. छपराला पांढरा रंग वा चुना मारणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेने शेकडो बळी घेतले. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम त्यात आले. ‘महिला हाउसिंग ट्रस्ट’च्या वस्तीपातळीवरच्या बायाही हे काम करत आल्या आहेत. स्लॅब घालायचाच असेल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली रीत आहे: स्लॅबच्या खालच्या भागात जुनी कौले बसवायची. काँक्रीट वाचते आणि उष्णताही कमी उतरते. मात्र हे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. भूकंपाच्या भागात अंदाजपंचे नको.

छपरानंतर पश्चिमेची भिंत. तिरपे ऊन छज्जाने अडत नाही. म्हणून त्या बाजूला न्हाणीघर, संडास, कोठीची जागा, पुढे एखादे कडुनिंबाचे झाड. चूल पूर्वेकडे. संध्याकाळचा स्वयंपाक करताना पाठीमागची भिंत तापलेली नसावी, आणि उन्हाळ्यातला वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, तेव्हा धूर घरात न घुसता बाहेर जावा. (वास्तुशास्त्रवालेही चूल आग्नेयेलाच सांगतात. एवढ्यावरून त्यांनी आम्हाला आपल्यात ओढू नये!) चुलीच्या वर धुराडे हवेच. गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल अजून बऱ्याच घरांत आहे.

आणि रात्र? उष्ण प्रदेशातल्या घरांबद्दल कोणतेही पुस्तक उघडा, रात्री खिडक्या उघड्या ठेवा, अंगणात वा गच्चीवर झोपा, असा सल्ला सापडेल. पुरुष तसे करतातच. ओट्यावर, पारावर, गच्चीवर त्यांची अंथरुणे पडतात. सून आत, वयात आलेली मुलगी आत, बाळंतीण तर दार-खिडकी लावून शेगडीपाशी! म्हणजे एकाच घरात एक थंड रात्र आणि एक तापलेली रात्र. इथे नुसता सल्ला उपयोगाचा नाही. रस्त्यावरून आत दिसणार नाही इतक्या उंचीवर, छपराखाली, समोरासमोर जाळीचे झरोके ठेवले तर गरम हवा वरून निघते आणि खिडकी बंद ठेवूनही बाईला श्वास घेता येतो. गच्चीला छातीइतका कठडा आणि वर जायला आतून जिना असेल, तर मुलीही वर झोपू शकतील. बाहेर टेकवलेल्या शिडीने ते होत नाही. अर्थात बाईने आतच का झोपावे, या प्रश्नाचे उत्तर गवंड्याकडे नाही.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. किमान २५ चौरस मीटरचे घर, त्यातच स्वयंपाकाची जागा, आणि सपाटीच्या भागासाठी तेव्हा ठरलेली मदत १ लाख २० हजार रुपये. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यावे, असे योजना सांगते, आणि हे मिळवायला स्त्रियांच्या चळवळीला बराच काळ झगडावे लागले. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने प्रदेशाप्रमाणे घरांचे नमुनेही संकलित केले आहेत. पण गावात काय होते? हप्ता बांधकामाच्या टप्प्यावर मिळतो, म्हणून सगळ्यांची घाई टप्पा गाठण्याची. गवंडी एकच नकाशा डोक्यात घेऊन घरामागून घरे उभी करतो. एका गावात मी एकीला विचारले, चूल कुठे हवी होती? ती म्हणाली, “ताई, सही कुठं करायची तेवढंच इचारलं.”

म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. जोत्याची आखणी होण्याआधी घरातल्या बाईशी बोलणे सक्तीचे करा. चूल, झरोका, जिना, न्हाणी कुठे, हे ती सांगेल आणि ते कागदावर येईल. छपराच्या चुन्याचा खर्च घरकुलाच्या रकमेत वेगळा धरा. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण केले. आपल्या ग्रामसभांनाही तसा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवता येईल. ठरावाचा मसुदा याच अंकात शेवटच्या पानावर दिला आहे. तुमच्या गावात कोणी चुना मारून पाहिला असेल, झरोके ठेवले असतील, किंवा नवऱ्याशी भांडून चुलीची जागा बदलून घेतली असेल, तर पावसाळी अंकासाठी लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. घराचा आराखडा काढून पाठवलात तर फारच चांगले.