क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नळावर कोण जाणार?

गेल्या रविवारी विहारात तरुणांची बैठक होती. आम्हीही जाऊन बसलो होतो. वंदना झाली, चर्चेला सुरुवात झाली, आणि एक तरुण तावातावाने उठून म्हणाला, "निवेदने देऊन देऊन आमच्या बापाच्या चपला झिजल्या. आता निवेदन नको, क्रांती पाहिजे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे बायकांमध्ये एक आजी बसल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी तीन मुले शिकवली. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "होऊ दे बाळा तुझी क्रांती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर कोण जाणार, तेवढं आधी सांग."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

वाचकहो, क्रांतीचा विचार करणाऱ्यांना तीन प्रश्न सोडवावे लागतात. क्रांती केव्हा होते? ती जिंकायची कशी? आणि जिंकल्यावर पुढे काय? पहिल्या दोन प्रश्नांवर ढीगभर ग्रंथ आहेत. आजींनी विचारला तो तिसरा प्रश्न. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी पाहायची असतील तर हैती या देशाचा इतिहास वाचावा. गुलामांनी स्वतः उठाव करून स्वतःचे राष्ट्र उभे केले, असे जगात हे एकच उदाहरण आहे.

हैती हा कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिम भाग. तेव्हा ती फ्रान्सची वसाहत होती आणि तिचे नाव होते सँ-दोमँग. युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा येथून जाई. १७८९ च्या सुमारास तेथे साडेचार ते पाच लाख गुलाम होते. गोरे मालक आणि इतर गोरे मिळून तीस-चाळीस हजार. मिश्र वंशाचे व मुक्त झालेले काळे लोक साधारण तितकेच. उसाच्या मळ्यात माणसे इतकी मरत की आफ्रिकेतून सतत नवी जहाजे भरून आणावी लागत.

आता हिशेब करा. एका गोऱ्यामागे दहाहून अधिक गुलाम. तरीही ही गुलामी शंभर वर्षे टिकली. म्हणजे नुसती संख्या मोठी असून भागत नाही. "आपण इतके कोटी आहोत" असे सभेत ओरडून काही होत नाही, हा पहिला धडा.

मग १७९१ मध्येच उठाव का झाला? कारण वरच्यांमध्ये फूट पडली. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. समतेचा जाहीरनामा निघाला. त्याचे पडसाद वसाहतीत उमटले. बड्या मळेवाल्यांना पॅरिसचा ताबा नको होता, गरीब गोऱ्यांना बड्यांचा हेवा होता, मिश्र वंशाचे लोक आपले हक्क मागत होते. हे सगळे एकमेकांच्या उरावर बसले असताना गुलाम हे सारे गप्प राहून ऐकत होते. जेवणाच्या टेबलाशी वाढणाऱ्याला कान असतात, हे मालक विसरले होते.

संधी सगळ्यांनाच दिसते, पण ती धरायला संघटना लागते. १४ ऑगस्ट १७९१ या रविवारी अनेक मळ्यांचे प्रतिनिधी गुप्तपणे जमले. हे कोण होते? बहुतेक मळ्यांवरचे मुकादम आणि बग्गी हाकणारे. त्यांना एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाता येई, माणसे ओळखीची होती, निरोप पोचवता येत होता. मालकाने ज्यांना आपला चाबूक हाती दिला होता, तेच आपल्या माणसांच्या बाजूने उभे राहिले. आठवड्याभरात, २२ ऑगस्टच्या रात्री, उत्तरेकडच्या मैदानातले मळे पेटले. बुकमन नावाचा पुढारी नोव्हेंबरमध्येच मारला गेला, पण उठाव थांबला नाही.

पुढे तूसाँ लुव्हेर्त्यूर हा पुढारी आला. हाही जन्माने गुलाम. फ्रान्स आणि स्पेन यांचे युद्ध जुंपले तेव्हा तो आधी स्पेनच्या बाजूने लढला. दरम्यान २९ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रान्सच्या प्रतिनिधीने उत्तर भागातली गुलामी रद्द केल्याचे जाहीर केले, कारण गुलामांना सोबत घेतल्याशिवाय वसाहत हातात राहणार नव्हती. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेनेही तसाच ठराव केला. त्याच वर्षी तूसाँ फ्रान्सच्या बाजूला आला. बाजू बदलली म्हणून त्याला कोणी नावे ठेवील. पण युती बदलली तरी ध्येय बदलले का, हे पाहावे लागते. ज्याच्याकडे तेव्हा गुलामीची मुक्ती होती त्याच्याकडे तो गेला. खुर्चीसाठी युती करणारे आणि मुक्तीसाठी युती करणारे यांत फरक असतो, तो हा.

आता आजींचा प्रश्न. गुलामी गेली. दुसऱ्या दिवशी उसाच्या मळ्यात कोण जाणार?

सरकारने ठरवले, तुम्हीच जायचे. मळा सोडायचा नाही. उत्पन्नातला थोडा वाटा मजुरी म्हणून मिळेल. त्यातही बायांचा वाटा पुरुषांपेक्षा कमी. तेव्हा बायांनी विचारले, आम्ही तेच काम करतो, तितकेच तास करतो, मग कमी का? स्वातंत्र्य मिळून जेमतेम काही महिने झाले होते आणि हा प्रश्न मळ्यात उभा राहिला.

तूसाँ सत्तेवर आल्यावरही हेच चालू राहिले. १८०० साली त्याने शेतमजुरांवर लष्करी शिस्त बसवली. त्याचीही अडचण होती. साखर विकल्याशिवाय बंदुका-दारूगोळा मिळणार नव्हता, आणि त्याच्याविना गुलामी परत आली असती. पण चाबूक खाल्लेल्या माणसाला हे कसे पटावे? त्याला हवा होता स्वतःच्या जमिनीचा तुकडा. ऑक्टोबर १८०१ मध्ये शेतमजुरांनी बंड केले. त्यांच्या बाजूचा मानला गेलेला सेनापती मोईझ हा तूसाँचा मानलेला पुतण्या. तूसाँने त्याला गोळ्या घालून मारले. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत तो तहहयात गव्हर्नर झाला होता. पुढारी आणि त्याची माणसे यांच्यात तेथे अंतर पडले.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. १८०२ च्या सुरुवातीला नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याच्या हाताखाली प्रचंड फौज पाठवली. पूर्वी ज्या जोमाने लोक तूसाँच्या मागे उभे राहिले असते, तसे सगळे राहिले नाहीत. काही महिन्यांत सेनापती एकामागून एक शरण गेले. जूनमध्ये तूसाँला बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि दग्याने पकडले. एप्रिल १८०३ मध्ये तो फ्रान्सच्या एका थंडगार किल्ल्यात कैदी म्हणून मेला.

येथे क्रांती संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण सेनापती शरण गेले तरी डोंगरातल्या लहान लहान टोळ्या लढतच राहिल्या. साधी माणसे होती. ग्वादलूप बेटावर फ्रान्सने गुलामी परत आणल्याची बातमी आली आणि लोक पुन्हा पेटले. शरण गेलेले सेनापती मग परत त्यांना येऊन मिळाले. सानीत बेलेर ही तरुण स्त्री या सैन्यात अधिकारी होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या. पुढे हैतीने आपल्या दहा गुर्दच्या नोटेवर तिचे चित्र छापले. पीतज्वराने फ्रेंच फौज पोखरली, खुद्द लक्लेर त्यात गेला. १८ नोव्हेंबर १८०३ ला शेवटची मोठी लढाई झाली आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीन या सेनापतीने स्वातंत्र्य जाहीर केले.

खरे बोलायचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी देसालीनच्या हुकुमाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, बायका-मुलांसह. सूडाने न्याय होत नाही. १८०६ मध्ये देसालीनही आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला आणि देशाचे दोन तुकडे झाले. ते १८२० साली पुन्हा जोडले गेले.

१८२५ साली फ्रान्सच्या युद्धनौका पुन्हा किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. मागणी काय? मालकांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक. गुलाम होता त्याने मालकाला भरपाई द्यायची! ती द्यायला फ्रान्सच्याच बँकांकडून कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण या व्यवहारातून वाढलेली देणी फिटायला १९४७ साल उजाडले. एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या इतिहासाच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचे मंडळ जाहीर केले. रणांगणात हरलेल्या मालकाने वहीखात्यात डाव साधला होता.

बंधू-भगिनींनो, दूरच्या गुलामांची ही कथा आपल्याला परकी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले ते अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले. आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत आजींचाच प्रश्न मोठ्या शब्दांत विचारला. राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील; ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही सारी इमारत उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की घटनेचे मार्ग खुले असताना रक्तपाताचा मार्ग सोडला पाहिजे. सँ-दोमँगच्या गुलामाला ना मत होते, ना खरी दाद देणारे कोर्ट. त्याच्यापुढे सगळी दारे बंद होती. आपल्यापुढे दार आहे. ते जड आहे, कुरकुरते, पुन्हा पुन्हा ढकलावे लागते, हे त्या तरुणाचे म्हणणे मात्र खोटे नाही.

म्हणून आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगू. बाळा, तुझा संताप विझू देऊ नकोस. पण बापाच्या चपला झिजल्या त्या फुकट गेल्या असे समजू नकोस. माणसे जोडायला पायपीट करावीच लागते, आणि त्या मुकादमांनीही तीच केली. पुढाऱ्यावर विसंबून बसू नकोस, पुढारी पकडला जातो, विकला जातो, थकतो. हिशेबाची वही वाचायला शीक. आणि पुढच्या रविवारी बैठकीत बायकांना मागे बसवू नका.

आणि हो, सोमवारी सकाळी आजींच्या आधी हंडा घेऊन नळावर तू जा. तुझ्या क्रांतीची सुरुवात तिथून झाली तर आम्हाला तिचा भरवसा वाटेल.