रोज बोंबलणाऱ्या अलार्मला चोर काहून भिईल?

मंगळवारी रात्री अडीच वाजता गल्लीत कारचा अलार्म कोकलायला लागला. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. कोणाची आहे म्हणून खिडकीतून पाहिलं, तर गाडी माझीच!

सकाळी समोरच्या गुरुजींनी सुनावलं, "अहो पत्रकार, खड्ड्यांवर लिहिता, आता स्वतःच्या गाडीवर लिहा ना." हसलो. पण त्यांचं पुढचं वाक्य लागलं. "आम्ही तर आता उठून पाहणंच सोडलं."

म्हणजे उद्या खरंच चोर आला तर?

मी वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने अलार्मच काढून टाकायला सांगितलं. सोपा उपाय, पण चुकीचा. मग दुसऱ्याने एकेक गोष्ट तपासली. आधी रिमोटचा सेल. मग बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, माझी १२ च्या खाली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ ला टेकतो, त्यात बॅटरी लवकर म्हातारी होते. शेवटी बोनेटखालचं बटन निघालं. धूळ आणि गंज बसलेला. बोनेट बंद असूनही अलार्मला ते उघडं वाटत होतं. बटन साफ केलं, बॅटरी बदलली, काम झालं.

तुमची गाडी खाणीजवळच्या वस्तीत असेल तर धक्का ओळखणारा सेन्सरही पाहा. ब्लास्टिंगच्या हादऱ्याने, जड ट्रक गेल्यानेही तो बोंबलतो. त्याची संवेदनशीलता कमी करता येते. धानाच्या दिवसांत उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघा.

आता मुद्द्याचं. हे फक्त झोपमोडीचं प्रकरण नाही. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ते तर आहेच. पण आपले जिल्हे वाघाचे. ताडोब्याच्या बफरमध्ये सीतारामपेठला एआय कॅमेरे लावलेत, वाघ गावाकडे आला की सायरन वाजतो. २०२२ मध्ये दुर्गापुरात बिबट्याने माणसं मारली, ते आपण विसरलो नाही. इथे सायरन ऐकून माणसाने दार लावून घ्यायचं असतं, लेकरांना आत घ्यायचं असतं. तो कानच जर आपण "वाजते रोजचंच" म्हणून बधिर केला, तर यंत्र कितीही महाग असू द्या, काय कामाचं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खोटा अलार्म वाजला की बंद करून झोपू नका, कारण शोधा. शेजाऱ्याची गाडी वाजली तर शिव्या न घालता त्याला उठवा. आणि वनखात्याने, ग्रामपंचायतींनीही गावातला सायरन किती वेळा खरा वाजला, किती वेळा खोटा, हे लोकांना सांगावं. लोकांचा विश्वास त्यावरच टिकतो.

गुरुजी, तुमची माफी मागतो. आता वाजली तर मात्र नक्की उठा. या वेळी खरी असेल.